बाजूची शिवण

शस्त्रक्रियेनंतर सुलभाबाई पागनीस एका जागी बसत नसत. हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून पुन्हा आत, अशा त्यांच्या येरझाऱ्या चालत. कर्करोगामुळे डावा स्तन काढला होता. उपचार संपले, केस परत आले, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. ब्लाऊज घालायला नवऱ्याला, मधुकररावांना, हाक मारावी लागे. आयुष्यभर शाळेत मुलींना शिस्त लावलेल्या बाईला ते सोसत नव्हतं.

इंदूरला भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "मी साडी नेसणार नाही. चांगला कुर्ता घेईन, पुढून उघडणारा. माझा मी घालेन."

"घे की," मधुकरराव म्हणाले.

रविवारी दोघं बसने न्यू मार्केटजवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. सुलभाबाईंच्या अंगात मधुकररावांचा बटणांचा सदरा होता, खाली सलवार, खांद्यावर ओढणी. काउंटरवरच्या मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आंटी, ये हाई रेंज है. सेल का माल उधर मिलेगा."

"मुझे यहीं देखना है. सामने से खुलने वाला कुर्ता."

"नहीं आता," मुलगी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली.

सुलभाबाई स्वतःच रांगेतून हिंडू लागल्या. हँगर सरकवत, थांबत, पुन्हा मागे येत. पुढून उघडणारा खरंच दिसेना. शेवटी एक मोरपंखी कुर्ता हाती लागला. गळा मोठा होता, जमेल असं वाटलं.

"ज़रा साथ आओगी? मेरा हाथ ऊपर नहीं जाता."

"वो हमारा काम नहीं है, आंटी."

मधुकरराव पुढे झाले, तर तिने हात आडवा केला. "जेंट्स अंदर अलाउड नहीं."

मग त्या एकट्याच ट्रायल रूममध्ये गेल्या. कुर्ता डोक्यावरून आला आणि तिथेच अडकला. उजवा हात बाहेर, डावा आत कोपरापाशी दुमडलेला, तोंडावर कापड. वर जाईना, खाली येईना. खांद्यातून कळ निघाली. त्यांनी हाक मारली. बाहेर ती मुलगी आणि दुकानातली आणखी एक, दोघी कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत होत्या. त्यांनी दारावर पाय आपटला. मुली हसल्या, पण दुसऱ्याच कशावर तरी.

"अगं, काय झालं?" मधुकररावांचा आवाज दुरून आला. त्यांना मुलीने काउंटरपाशीच थांबवलं होतं.

श्वास कोंडू लागला तसं सुलभाबाईंनी उजव्या हाताने डाव्या कडेची शिवण पकडली आणि ओढली. टर्रकन आवाज झाला. डावा हात सुटला, कुर्ता अंगावर उतरला.

त्या ओढणी लपेटून बाहेर आल्या. आता दोन्ही मुली धावल्या, मागून मॅनेजरही आला.

"मैडम, ये तो आपने फाड़ दिया."

"इतनी देर से आवाज़ दे रही थी, तब कोई नहीं आया. कपड़ा फटा तो सब आ गए."

मधुकररावांनी पाकीट काढलं. "देऊन टाकू आणि निघू, सुलभा."

"घेणारच आहे मी," त्या म्हणाल्या. आरशात त्यांना दिसलं होतं की फाटलेल्या बाजूने हात अलगद आत-बाहेर होतो. मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "यहाँ चेन लगवा दीजिए. आपके यहाँ दर्ज़ी बैठते हैं न?"

"अगले हफ़्ते मिलेगा."

"मैं रुकती हूँ."

सदरा घालून त्या थांबल्या, पण बसल्या नाहीत. दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून दारापर्यंत चालत राहिल्या. येणारी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. एका बाईने काय झालं म्हणून विचारलं, सुलभाबाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. दुसऱ्या बाईलाही सांगितलं. मॅनेजर दोनदा आत जाऊन आला. चेन तासाभरात लागली.

ती मुलगी कुर्ता घेऊन आली. "आंटी, मैं पहना दूँ?"

"नको," सुलभाबाई सवयीने मराठीत म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. वेळ लागला. चेन मध्येच अडली, त्यांनी ती खाली घेऊन पुन्हा वर ओढली.

परतीच्या बसमध्ये मधुकररावांनी खिडकीची जागा दिली. त्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"अजून एक लागेल," त्या म्हणाल्या. "लग्न दोन दिवसांचं आहे. पुढच्या रविवारी दुसरं दुकान बघू."