सातव्या मजल्यावरची होडी

पितळ घासायच्या पावडरीचा वास आला की अजून मी आधी माझी मुलगी कुठंय ते बघते. वारज्यात सातव्या मजल्यावर एक आजोबा होते, नेव्हीतले मोठे साहेब, पण म्हातारपणी भ्रम झालेला, त्यांना सांभाळायचं माझं काम, आणि मुलगी तेव्हा रांगती म्हणून तिला सोबतच न्यायचे. आजोबा रोज मला एकच गोष्ट सांगायचे, स्कॉटलंडचा कुणी सरदार होता, लहानपणीच घर सोडून आरमारात गेला, कप्तान झाला, आणि बोट बुडताना म्हणाला, आधी पोरं होडीत, मी शेवटी. त्या दिवशी मी त्यांची पितळी दुर्बीण घासत होते, वळून बघते तर आजोबा बाल्कनीत, माझं लेकरू कठड्याच्या बाहेर धरलेलं, आणि खाली बघून ओरडतायत, "बोट बुडतेय, पकड हिला!" मी किंचाळले तर दचकून सोडतील, म्हणून हळूच म्हणलं, "साहेब, होडी इकडं हाय, माझ्याकडं द्या." ते माझ्यावरच खेकसले, "मग तिकडे काय उभी राहिलीस? पुढे ये!" आणि लेकरू माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "जा आता, मी शेवटी," आणि स्वतःचा पाय कठड्यावर टाकला. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात त्यांचा सदरा, शेजारच्यांनी येऊन त्यांना आत ओढेपर्यंत मी नुसती ओरडत राहिले. आता मुलगी बालवाडीत जाते, रस्त्यात कुणी म्हातारं माणूस हसलं की तीही हसते, आणि मी तिला खसकन मागं ओढते. आजोबा तिला वाचवतच होते, हे मला कळतं, तरी ओढते.