मागून जेवणारी

माझी पत्नी यमुना गेल्याचा निरोप ठाण्याच्या कचेरीत आला, तेव्हा मी नुकताच जेवून हात धूत होतो. सकाळी तिचा ताप उतरल्यासारखा वाटला, म्हणून कल्याणहून कामावर आलो होतो. महिना उलटला, पण त्या भरल्या पोटाची लाज अजून जात नाही...

लग्नानंतर काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, आईनं बोललेला नवस फेडायला खडवलीपलीकडच्या देवीला जायचं होतं. ऐन वेळी आईचे गुडघे धरले आणि आम्ही दोघंच निघालो. खडवलीपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. घरात माणसांदेखत एकमेकांशी बोलायची चोरी; त्या दिवशी मात्र यमूच्या तोंडाला खळ नव्हता. माहुलीचा डोंगर दिसला तरी अप्रूप, भातसेचं पाणी चमकलं तरी अप्रूप.

दर्शन आटोपून नदीकाठी जांभळीखाली बसलो. गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. तिनं दशम्या, लोणचं, गूळ माझ्यापुढं मांडलं.

"तूही बस," मी म्हणालो.

"इकडचं आधी होऊ दे. मी मागून बसेन."

"अगं, इथं कोण बघतंय?"

ती बसली, पण अर्धी पाठ करून. तिला जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आधी लाजत, मग घाईघाईनं, मग गाल फुगेपर्यंत घास भरून. माझ्याहून जास्तच खाल्लं तिनं. मी थट्टेनं म्हटलं, "घरी उपाशी ठेवतात की काय तुला?"

ती हसली नाही. "मागं उरेल ते असतंच की," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बायकोनं जेवायचं. तेव्हा मी युक्ती काढली. पानात मुद्दाम पोळी, भात, सणाला लाडू ठेवून उठू लागलो. स्वतःच्या हुशारीवर खूष होतो! आठवडाभरातच आई तिच्यावर घसरली, "काय गं, हाताची चव गेली का तुझ्या? मुलगा रोज पानात टाकून उठतोय!"

पाण्याचा तांब्या देताना यमू हळूच म्हणाली, "हात जोडते, पानात काही ठेवू नये. मला पुरतं."

मी पुन्हा पान चाटूनपुसून साफ करू लागलो. कचेरीत साहेबाशी इंग्रजीत बोलणारा मी, आईपुढं एक वाक्य बोलायची छाती झाली नाही.

यमूच्या तेराव्याला सवाष्ण जेवायला बसली होती. ती नको नको म्हणत असताना आईनं तिला दुसरी पुरणपोळी वाढली. "घे गं. आमच्या यमूला फार आवडायची. दाराआड उभ्यानं खायची बिचारी. मी पाहूनही न पाहिल्यासारखं करायची... आणखी एक तिथंच मुद्दाम विसरायची."

म्हणजे तिची भूक ओळखून घरात कुणीतरी काही केलं होतं, आणि तो मी नव्हतो. माझ्या पानातली पोळी तशीच टाकून मी उठलो. या खेपेला आई काही बोलली नाही.