बॅटरीची गोधडी

"अगं, बॅटरीला हात तरी लावून बघ! तवा झालाय नुसता."

"मला ऊब शिकवू नका. माझ्या तळहातावर अख्ख्या आळीच्या कोंबड्या वाढल्यात."

हे थोरलीचं बोलणं, म्हाताऱ्या नवऱ्याला. धाकट्या जावेनं पाडलेलं नाव आता नवराही घेतो. अंडी उबवायची आणि पिल्लं विकायची, हा थोरलीचा धंदा. काचेच्या पेटीत दिव्यांची ऊब. लाइन गेली की छपरावरच्या सोलरची बॅटरी ती ऊब सांभाळायची.

हिवाळ्यात बॅटरी गारठली, चार्जच घेईना. थोरलीनं जुनी लुगडी जोडून तिला गोधडी शिवली आणि बॅटरी सुतासारखी सरळ आली. झालं, हुशारी डोक्यात गेली. ऊन तापलं तरी गोधडी निघेना. "थंडी अडवते ती उन्हालाही अडवेल," म्हणायची. पण बॅटरी चालताना स्वतःच तापते, वर पत्रा, मागं पश्चिमेची भिंत. आज भर दुपारी लाइन गेली आणि तापलेली बॅटरीही गप्प झाली. पेटी अंधारली. नेमकं अंड्यांना आतून चोची लागायला सुरुवात झाली होती. आता ऊब तुटली की पिल्लं कवचातच मरायची.

म्हातारा बॅटरीवर टाकायला ओलं पोतं घेऊन धावला. थोरलीनं तेवढ्यात वायरमनला फोन लावला होता; पोत्याचंही सांगितलं.

"पोतं टाका बाजूला! पाणी नाही लावायचं," वायरमन फोनवरूनच ओरडला. "आणि थोरल्ये, बॅटरी काय खुडूक कोंबडी आहे, पांघरूण घालून बसवायला? काढ ते, दारं उघड. आलोच मी."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं, पण हात थांबले नाहीत. बॅटरीवरची गोधडी ओढली, पेटीवर टाकली. जावेनं गरम पाण्याच्या बाटल्या आत सारल्या.

वायरमननं घरभर हात फिरवून गार भिंत शोधली, मधल्या बोळातली. तिथं म्हाताऱ्याची दुपारची खाट. म्हाताऱ्यानंच ती उचलली.

"बघा जाऊबाई, सवत आली आणि दादल्याची जागा बळकावली," जाऊ हसली.

"निदान ती घोरत नाही," म्हातारा म्हणाला.

"घोरतं कोण, ते आळीला विचारा," थोरली म्हणाली.

बॅटरी तिथं बसवली, भोवती हवा खेळेल एवढी जागा सोडून. ती निवेपर्यंत थोरली बाटल्या बदलत राहिली, जीव मुठीत धरून. दिवेलागणीला पेटीत उजेड आला. तिनं गोधडीचा कोपरा उचलला. एक ओलं, मरतुकडं पिल्लू तिच्याकडं बघून चिवचिवलं.

"मला दटावतंय मेलं," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

"गोधडी धुऊन ठेवू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ठेवा. थंडीत लागेल. आणि ऊन आलं की काढायची आठवण तुम्हीच करा."

"आणि ऐकलं नाहीस तर?"

 दुसऱ्या अंड्याला तडा जात होता. थोरली, पेटीत ओल राहावी म्हणून, आतल्या ताटलीत पाणी भरायला गेली.