अजून एक वर्ष थांबते

इंटर सायन्सला मला चांगले मार्क मिळाले आणि तिथूनच माझी झोप उडाली. कमी पडले असते तर प्रश्नच मिटला असता. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंदापूरच्या शाळेत शिक्षक होते. मला पुण्याला शिकायला ठेवण्यासाठी ते सगळ्या भावकीशी भांडले होते. निकाल कळला त्याच आठवड्यात त्यांनी मेडिकल कॉलेजचा फॉर्म मागवला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी म्हटलं, "अण्णा, यंदा नको. अजून एक वर्ष थांबते."

"कशासाठी?"

"थोडा अनुभव घेते. मला झेपेल की नाही ते तरी कळू दे."

खरं कारण त्यांना माहीत होतं. माझा एक मामेभाऊ मेडिकलला जाऊन चार महिन्यांत परत आला होता. प्रेतं चिरायच्या हॉलमध्ये त्याला उभं राहवेना. तो पुढे खतांच्या दुकानात लागला, सुखात होता, पण घरात कुठलंही कार्य असलं की त्याचा विषय निघायचाच. मुलगा असून त्याचं हे झालं. मी परत आले तर अण्णा शाळेत कुठल्या तोंडाने जातील, हा विचार मला जेवताना, केस विंचरताना, कुठेही गाठायचा.

अण्णांनी फॉर्मची घडी घातली. मग म्हणाले, "थांबायला माझी ना नाही. पण तू घरी दिसलीस की लोक स्थळं घेऊन येणार. एकाला नको म्हणेन, दोघांना म्हणेन. तिसऱ्याला तुझी आजीच होकार देऊन बसेल."

म्हणून मी इंदापुरात राहिलेच नाही. बारामतीला आत्याकडे गेले. तिच्या घरापासून जवळच एका डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, स्वतःची जुनी मोटार स्वतः चालवणाऱ्या बाई. गावात त्यांचा दरारा होता. आत्या मला घेऊन गेली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "शिकायला आलीस की लपायला?"

मी आत्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं, उद्यापासून ये."

पहिल्याच आठवड्यात एका म्हातारबाईंच्या पाठीचं गळू फोडताना माझ्या कानांत घूं असा आवाज भरला आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. त्या म्हातारबाई पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "पोरीला पानी द्या आदी. माझं काय, हाय मी हितं." दिवाळीपर्यंत मात्र मी तबक धरून उभी राहू लागले. टाके घालताना धागा कापू लागले. दोन बाळंतपणं जवळून पाहिली. एका जाड वहीत मी सगळं लिहून ठेवायची: वय, काय दुखतं, मला काय दिसलं, बाईंनी काय दिलं. वही भरत गेली तसा धीर वाढेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. रक्ताची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय आणि आपल्याला काही कळत नाहीये, ही ती भीती. रोज काहीतरी न पाहिलेलं पुढे यायचं आणि मी मनाशी म्हणायची, हे तर अजून आपण शिकलोच नाही.

बघता बघता पुढचा जून आला. अण्णांनी नवा फॉर्म पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, "मुदत महिनाअखेरपर्यंत आहे." मी तो आत्याच्या ट्रंकेत साड्यांखाली सरकवून दिला. मनात उत्तर तयार होतं: अजून एक वर्ष.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी बाई सकाळीच एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेल्या. जाताना त्यांनी नेहमीसारखं बजावलं, "कोणी आलं तर बसवून ठेव. मी येईपर्यंत औषध द्यायचं नाही."

अकराच्या सुमारास एक बाई तीन-चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. हिरवं लुगडं, कपाळावर घाम. मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

"दोन दिस झालं, घास गिळंना. अंगात कसकस हाय," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. ती दारातूनच रस्त्याकडे बघत होती. "बसायला येळ न्हाय ओ ताई. येष्टी सुटंल. वडगावला जायाचंय, घरी धाकटं तान्हं हाय. तुमीच बघा की."

तुमीच बघा की. वर्षभरात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी मुलीला उजेडाकडे वळवलं, चमच्याने जीभ दाबून घसा पाहिला. लाल होता. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. अशा घशाला बाई काय लावतात ते माझ्या वहीत चार ठिकाणी लिहिलेलं होतं. मी बोळ्याने तेच औषध लावलं, थोडं बाटलीत ओतून दिलं आणि म्हटलं, "घसा सुजलाय. चार दिवसांत बरं वाटेल."

ती पाया पडायला वाकली. ती गेल्यावर मी आरशात पाहिलं, हे मला आजही सांगायला लाज वाटते.

बाई साडेबाराला आल्या. हात धुताधुता त्यांनी विचारलं, "कोण आलं होतं?" मी वही पुढे केली. थोडा रागही येईल, थोडं कौतुकही होईल, अशी माझी कल्पना होती. बाईंनी वाचलं आणि ओले हात तसेच वहीवर ठेवले.

"हे काय लिहिलंयस? घशात मागे दुधाची साय चिकटल्यासारखं?"

"हो. दूध प्यायली असेल असं वाटलं."

"पुसलं गेलं?"

"नाही. बोळा लावला तर जरासं रक्त आलं."

बाईंनी मोटारीची किल्ली उचलली. "घटसर्प आहे तो. नाव काय तिचं?"

मी वहीकडे पाहिलं. वर्षभर मी वय लिहिलं, सूज लिहिली, ताप लिहिला. नाव कोणाचंच लिहिलं नव्हतं.

"वडगाव म्हणाली," मी म्हटलं. "वडगाव निंबाळकर."

आधी आम्ही स्टँडवर गेलो. एस.टी. तासाभरापूर्वीच सुटली होती. मग वडगावची वाट धरली. गाडीत बाईंची नजर रस्त्यावरच होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मला वाटत होतं, तेवढ्यात ती मुलगी कुठल्यातरी घरात श्वासासाठी तडफडत असेल आणि तिची आई तिला सांगत असेल, चार दिसांत बरं वाटंल, ताईनी सांगितलंय.

वडगावात एस.टी. थांबते तिथे चहाच्या दुकानासमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाईंनी गाडी थांबवली. मी उतरून विचारलं, "आबा, आत्ता बारामतीच्या गाडीतून एक बाई उतरली का? हिरवं लुगडं, कडेवर आजारी मुलगी?"

"लुगडी समद्यांचीच हिरवी," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून उठलेच. "थांबा, थांबा. माळवं लावत्यात त्यांची सून व्हय? पोरगी मान टाकून व्हती. वड्याच्या पल्याड मळ्यात ऱ्हात्यात. चला, मी दावतो."

गाडी ओढ्यापर्यंतच गेली. पुढे वांग्यांच्या सरींमधून आम्ही पळत गेलो. घराच्या ओट्यावर ती आई मुलीला मांडीवर घेऊन पाणी पाजत होती आणि मुलीच्या घशातून प्रत्येक श्वासाला करवत ओढल्यासारखा आवाज येत होता. आम्हाला बघून ती गोंधळली. "काय झालं ताई? बाटली इसरली व्हय माझी?"

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला कळलं नव्हतं. तिला आत्ताच्या आत्ता परत न्यायला हवं."

तिने घरातल्या तान्ह्याकडे बघायला जावेला हाक मारली आणि ती मुलीला घेऊन उठली. येताना गाडीत मुलगी माझ्या आणि तिच्या मांडीवर होती. मी तिचे श्वास मोजत होते.

बारामतीच्या सरकारी दवाखान्यात घटसर्पावरचं सीरम होतं. ते टोचल्यावर पुढचे दोन दिवस बाई म्हणायच्या, "आज नक्की सांगता येत नाही." तिसऱ्या दिवशी आवाज कमी झाला. पाणी पिताना ते तिच्या नाकातून बाहेर यायचं, बोलणं गेंगाणं झालं होतं, पण बाई म्हणाल्या की ते महिन्या-दीड महिन्यात जाईल. मुलगी वाचली. तिच्या आईने मला कधी बोल लावला नाही. तिने एकदाच विचारलं, "तुमाला कळलं नव्हतं, तर मंग बसा म्हनायचं की." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी कधीतरी विसरले असते.

चौथ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की मी आता येणार नाही, मेडिकलचा नादही सोडते.

"पळतेस का?" त्या म्हणाल्या.

"माझ्या हातून ती गेली असती, बाई."

"गेली असती. ते खरंय, आणि ते मी पुसणार नाही." त्यांनी माझी वही उघडून तेच पान काढलं. "पण हे बघ. साय दिसली, पुसली गेली नाही, रक्त आलं. तू सगळं बरोबर पाहिलंस. त्याला काय म्हणतात ते तुला माहीत नव्हतं. आणि ते इथं माझं तबक धरून आणखी दहा वर्षं काढलीस तरी कळायचं नाही. उलट हात सरावतील आणि लोक विश्वास ठेवतील. ते जास्त वाईट."

"पण मला अजून पुरेसा अनुभव नाही."

"तो कॉलेजात गेल्यावर देतात. मुदत कधी संपते?"

"परवा."

मी आत्याच्या ट्रंकेतून फॉर्म काढला. तो भरायला बसले. नाव, वय, मार्क, वडिलांचा व्यवसाय, देवी टोचल्याचा दाखला. अनुभवाचा रकाना त्यात नव्हताच. ज्यासाठी मी वर्ष घालवलं ते कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. टपालाने पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आत्याने तार केली, दुसऱ्या दिवशी अण्णा इंदापूरहून आले आणि आम्ही दौंडची गाडी धरून पुण्याला गेलो. कॉलेजच्या खिडकीपाशी मी अण्णांना वडगावची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकल्यावर ते फॉर्म देऊ देणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मुलगी आता जेवते का?"

"पेज घेते."

"मग दे फॉर्म," ते म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी दवाखान्यात जात राहिले. कोणी आलं की आधी नाव विचारायचे आणि बसवून ठेवायचे. एका दुपारी अण्णा पत्र घेऊन स्वतःच बारामतीला आले. यादीत माझं नाव अगदी शेवटाकडे होतं, पण होतं. आत्याने साखर वाटली, बाईंनी जुना स्टेथोस्कोप दिला. लोक विचारतात, तेव्हा फार आनंद झाला असेल ना. झाला असणार. मला आठवतं ते एवढंच, की पत्र वाचताना मला वडगावच्या मुलीचा तो करवतीसारखा श्वास ऐकू येत होता, आणि तरीही मी त्याच संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.