सावलीचं उद्घाटन

समस्त पालकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, रिक्षा स्टँडवरचे मान्यवर आणि मनवेलपाड्यातल्या यच्चयावत सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, आमच्या भागात एकदा सावलीचं उद्घाटन झालं होतं. रस्त्याचं, गटाराचं, बागेतल्या बाकड्याचं उद्घाटन आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही सावलीचं पाहिलं. त्या सोहळ्याचं सूत्रसंचालन खुद्द मी केलं होतं, याचीही कृपया नोंद घ्यावी.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळा मराठी माध्यमाची. इमारत एक आणि सत्रं दोन, सकाळी मोठे वर्ग, दुपारी प्राथमिक. त्यामुळे लहानांचा परिपाठ व्हायचा दुपारी साडेबाराला, मैदानात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि शेवटी दोन मिनिटं मौन. वर सूर्य, खाली पेव्हर ब्लॉक. पूर्वी तिथे एक जांभळाचं झाड होतं. त्याच्या मुळांमुळे पेव्हर ब्लॉकची लेव्हल बिघडते म्हणून ते तोडलं. लेव्हल आता फार सुंदर आहे.

मुलीचा उन्हात घोळणा फुटायचा. फेब्रुवारी संपत आला की आठवड्यातून एकदा तरी ती घरी यायची ती नाकात कापसाचा बोळा आणि खिशावर तपकिरी डाग घेऊन. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण भर उन्हात उभी करू नका. डोक्यावर काहीतरी असू द्या." मी टोपी घेतली. तिसऱ्याच दिवशी टोपी दप्तरात घडी होऊन परत आली. डायरीत लाल शाईचा शेरा होता, 'टोपी गणवेशात नाही.'

मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो.

"बाई, तिच्या नाकातून रक्त येतं हो."

"कळतंय मला. पण एकीला टोपी चालवली, तर उद्या दुसरा गॉगल लावून येईल."

"मग परिपाठ वर्गात घ्या."

"वर्गात? वर्गात शिस्त दिसत नाही."

बाई दुष्ट नव्हत्या. त्या स्वतः त्याच उन्हात उभ्या राहायच्या. फक्त त्यांना पदर होता आणि तो गणवेशात बसत होता.

वालीवच्या आमच्या कंपनीत शेजारच्या टेबलावर वटार गावचा एक वाडीवाला बागायतदार बसायचा. सकाळी वाडी, दहानंतर कंपनी. त्याची घरची बोली माझ्या जिभेला जमत नाही, म्हणून त्याचं बोलणं माझ्याच मराठीत सांगतो. डबा खाताना मी त्याला सगळं सांगितलं. तो हात धुता धुता थांबला.

"आम्ही नवं रोप आणलं की आधी जाळीखाली ठेवतो. मूळ धरेपर्यंत ऊन दाखवत नाही. तुम्ही सहा-सहा वर्षांची पोरं सरळ साडेबाराच्या उन्हात लावता? जगतात कशी?"

"जगतात," मी म्हटलं. "आणि मोठी झाली की आपली पोरं आणून तिथेच लावतात."

तो हसला नाही. मी बाईंची परवानगी काढली आणि पुढच्या रविवारी तो टेम्पो घेऊन हजर झाला. वाडीतली हिरवी जाळी, बांबू, तारा आणि दोन गडी. आम्ही तीन-चार बाप लोक मदतीला. संध्याकाळपर्यंत निम्म्या मैदानावर जाळी चढली. वाऱ्यात फाटू नये म्हणून त्याने ती गुंडाळता येईल अशी केली होती. खांबाला दोरीची एक गाठ, ती सोडली की जाळी सरसर उलगडायची. मुलगी तिच्याखाली उभी राहून दोन्ही हात पसरून गोल फिरली. "पप्पा, उद्यापासून इथे?" "उद्यापासून इथे," मी म्हटलं.

सोमवारी जाळी गुंडाळलेली होती. वर लाल फीत.

"उद्घाटन नको का व्हायला?" बाई म्हणाल्या. "संस्थेकडून निरोप आलाय, पाहुण्यांच्या हस्तेच उघडायची. तोवर कोणी हात लावायचा नाही."

पाहुण्यांची तारीख मिळेना. बारा दिवस पोरं त्या गुंडाळलेल्या सावलीखाली उन्हात उभी राहिली. वळकटीची सावली खाली हातभर रुंद पट्ट्यासारखी पडायची. मधल्या रांगांतली पोरं पाय घाशीत घाशीत त्या पट्ट्यात सरकायची आणि शिक्षिका येऊन त्यांना दंडाला धरून पुन्हा सरळ उन्हात उभं करायच्या. त्या बारा दिवसांत माझ्या मुलीचा घोळणा दोनदा फुटला.

"तुमची जाळी कधी उघडणार?" बायकोने विचारलं.

"पाहुण्यांची तारीख मिळू दे."

"तिच्या नाकाला सांगा तसं."

दुसऱ्यांदा रक्त आलं तेव्हा बाई जरा विरघळल्या. जाळी उघडेपर्यंत सगळ्यांनाच टोपी चालेल म्हणाल्या. मी तेवढ्यावर खूश झालो. खरं तर मला एकच काम होतं, ती गाठ सोडायची. बारा दिवस मी ती येता-जाता पाहत होतो. सोडली नाही, कारण मधल्या काळात मला सूत्रसंचालक नेमलं होतं, आणि ज्याच्या हातात माइक येणार असतो तो माणूस गाठी सोडत नाही. सोसायटीच्या गणपतीत मी दहा वर्षं माइक गाजवलेला. शाळेचा माइक मिळाला म्हटल्यावर मी आरशासमोर दोन संध्याकाळ घालवल्या.

अखेर दिवस उगवला. पाहुणे बाराला येणार होते, म्हणून पोरं साडेअकराला उभी केली. जाळीच्या जागेवर सतरंजी, सोफा, खुर्च्या, कुंड्या. पोरं समोर उघड्यावर, कारण फलक, पाहुणे आणि विद्यार्थी एकाच फोटोत यायला हवे होते. जाळी आणणारा वटारचा माझा मित्र माझ्याजवळ आला.

"जाळी उघडली की आधी पोरं आत घे रे."

"फोटो झाला की लगेच घेतो."

"तुझी पोरगी तरी घे."

"सूत्रसंचालकाचीच मुलगी सावलीत बसवली तर लोक काय म्हणतील?"

तो मागे जाऊन भिंतीला टेकला.

पाहुणे एकला आले. गाडी फाटकातून आत येताना बाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी ती वाचली आणि माझ्या सर्वांत गोड आवाजात माइकवर म्हणालो, "बालमित्रांनो, आता टोप्या काढून खिशात ठेवा. खुद्द सावली येते आहे, टोपीला आज रजा!" मोठी माणसं हसली. पोरांनी टोप्या काढल्या. माझ्या मुलीने सगळ्यांत आधी काढली, कारण सांगणारा मी होतो.

फीत कापली, गाठ सुटली, जाळी सरसर उलगडली. टाळ्या पडल्या आणि सावली नेमकी सोफ्यावर पडली. पाहुण्यांनी चेहरा पुसला, म्हणाले, "वा, थंड वाटतं हो." त्यांना पुढे जायचं होतं, ते चारच मिनिटं बोलले. हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. त्या दिवशी लांबलेलं भाषण त्यांचं नव्हतं.

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी संस्थेचे आभार मानले, बाईंचे मानले, बांबूचे मानले, दोरीचे मानले. मग म्हणालो, "आणि सूर्यनारायणाचे विशेष आभार, कारण आजच्या कार्यक्रमाला वेळेवर आलेले ते एकटेच!" पाहुणे मांडीवर थाप मारून हसले, आणि मला चेव आला. शेवटच्या खुर्चीपर्यंत हशा जात होता. तो खुर्च्यांपलीकडे जात नव्हता, हे मला दिसत होतं. मी सावलीत होतो, गार वाटत होतं, आणि अजून तीन विनोद शिल्लक होते.

तिसऱ्या रांगेत काहीतरी हललं. शिक्षिकेने डोळे मोठे केले, रांग पुन्हा सरळ झाली. मी पाहिलं. माझी मुलगी मान वर करून, नाकावर रुमाल दाबून, ताठ उभी होती. मला वाटलं, वर जाळीकडे बघते आहे. मी पुढचा विनोद सुरू केला.

तेवढ्यात तिच्या शेजारची मैत्रीण रांग मोडून दोन पावलं पुढे आली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बाई, हिचं रक्त थांबतच नाहीये, पण ही म्हणते, पप्पांचं बोलणं होऊ दे, मग सांग!"