डोंगरातला लहान आकडा

आरोग्य खात्यात माझं काम एवढंच, की मधुमेहाने आणि रक्तदाबाने कुठल्या भागात किती माणसं गेली ते शेजारी शेजारी मांडायचं. सपाटीवरच्या शहाद्याकडचा आकडा नेहमी मोठा, सातपुड्यातला लहान. परवाच्या बैठकीत साहेब खूश होऊन म्हणाले, "डोंगरातल्या लोकांचं खाणंच चांगलं."

तसं नाही, हे दरवर्षी सांगून तोंड दुखलंय. शहाद्यात गल्लोगल्ली रक्त तपासतात. डोंगरात माणूस गेल्यावर आशाताई घरच्यांना कारण विचारते आणि घरचे सांगतात, "चक्कर आली, पडला, गेला." ऊसतोडीला गुजरातेत गेलेला तिकडेच दगावला, तर तो आमच्या आकड्यात येतही नाही.

तेवढ्यात चहा आला. साहेबांचा बिनसाखरेचा होता. साहेब शहाद्याचे, त्यांच्या आजाराला नाव आहे.