पाणी सोडायची घाई

रामाकोन्याच्या स्टेशनवर अरुंद रुळांची छोटी गाडी उभी होती आणि ती कधी एकदा सुटते असं मला झालं होतं. एशियाडच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. जबलपूरला सिंचाई विभागात बाबूची नोकरी लागली होती. खरं सांगायचं तर मी तोंड लपवायला चाललो होतो. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठेबाबा, पोहोचवायला आले होते. ते एवढंच म्हणाले, "दोन दिवस थांबला असता त बगिचात बसून सारं सांगितलं असतं." मी म्हटलं, पुढल्या सुटीत.

आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस होतं, मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. तो दिवस मोठेबाबा ठरवायचे. त्या वर्षी ते लोधीखेड्याला लग्नाला गेले आणि शिकलेला म्हणून बगिचा माझ्यावर आला. पानं आत वळून गोळा झालेली, काही पिवळी पडून गळायला लागलेली. मी बीएस्सी झालेला शहाणा, मला ते पाहवेना. विहिरीवरची मोटर सुरू केली. झाडं हिरवीगार झाली, पण सगळी पालवीच. फुलं नाहीत, म्हणजे वर्षाची संत्री गेली. मोठेबाबा परत आले, झाडांतून फिरले आणि म्हणाले, "झाड मरून नव्हतं राहिलं रे, तयारी करून राहिलं होतं." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

जबलपूरला दफ्तर, बडे बाबू, छुट्टीचे अर्ज. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचो. दर सुटीत गावी यायचो आणि दुसऱ्याच दिवशी पाय वळवळायला लागायचे. "बस जरा," मोठेबाबा म्हणायचे. पण त्यांचं सांगणं कसं, तर आधी विहीर, मग ती खणणारा, मग त्याचे बैल. मुद्द्यावर येईपर्यंत माझी निघायची वेळ व्हायची. तीन-चार सुट्या अशाच घालवल्या. मग एका पावसाळ्यात तार आली. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचं, वसंताचं, पत्र आलं. पाणी तोडलंय, आता सोडू कधी, तू शिकलेला आहेस, ये. गेलो. आम्ही दोघं बाप्ये बगिचात उभं राहून पानांकडे पाहत होतो. माझा हात पुन्हा मोटरीकडे जायला लागला होता, तेवढ्यात मोठीमाय, मोठेबाबांची बायको, गोवऱ्यांची टोपली घेऊन तिकडून आली.

"काय पाहून राहिले?"

वसंता म्हणाला, "माय, पानी सोडाचा दिवस बाबाले कसा समजे?"

"त्याईले मीच सांगत होती." तिनं टोपली खाली ठेवली. "दुपारी पान गोळा होतेच. सकाळी पाहा लागते. रातभरची थंडी खाऊनही पान उकललं नाही, त मंग सोडा. अजून पाच-सहा दिवस आहेत."

"मंग आम्हाले काऊन नाही सांगितलं?"

"विचारलं कोनी?"

लग्नाला मोठेबाबा एकटेच गेले होते. मोटर सुरू करून मी घरी आलो, तेव्हा मला भाकर हिनंच वाढली होती. हिला विचारावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मी छुट्टी वाढवून घेतली. सातव्या सकाळी तिनं हो म्हटलं, आम्ही पाणी सोडलं, आणि त्या वर्षी बगिचा फुलला. पण मला धड आनंद झाला नाही, अजूनही स्वस्थता नाही. फायली उलटता उलटता मनात येतं, तिला आणखी काय काय ठाऊक असेल? पापड कसे वाळवतात हे आपण तिला विचारलं, बाकी कधी काही विचारलंच नाही. तिचं वय सत्तरीपुढे, हल्ली धाप लागते. गाव सोडून निघालेल्या माझ्यासारख्यांना घर आठवतं ते अंगणासकट, झाडांसकट. मला आता घर म्हटलं की तिची धाप ऐकू येते, आणि अजून न विचारलेले प्रश्न घेऊन मी गाडीचं टाइमटेबल पाहत बसतो.